चतुःसीमेच्या पलीकडे

जमिनीचे किंवा घराचे खरेदीखत ज्याने एकदा तरी अथपासून इतिपर्यंत वाचले असेल, त्याला त्यातील एक परिच्छेद चांगला परिचयाचा असेल. मिळकतीचा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि आकार सांगून झाल्यावर लेखनिक ‘येणेप्रमाणे मिळकतीची चतुःसीमा’ असे म्हणून पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस व उत्तरेस काय काय आहे ते चार ओळींत उरकतो, आणि त्या चौकटीतील जमीन ‘तदंगभूत वस्तूंसह, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ तुमच्या हवाली करतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हा मजकूर वाचला जात असताना ऐकणाऱ्याचे लक्ष बहुधा नसते, कारण रक्कम ठरलेली असते, मुद्रांक भरलेला असतो, आणि आपला पुकारा केव्हा होतो याकडेच सर्वांचे कान लागलेले असतात.

माझ्या भाच्याने मोहोपाड्यास मंजूर रेखांकनातील चार गुंठ्यांचा एक बिनशेती तुकडा पाहिला आणि कच्चे खरेदीखत माझ्याकडे वाचावयास पाठविले, तेव्हा मी हा परिच्छेद प्रथमच सावकाश वाचला. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस शेजारचा भूखंड, उत्तरेस दुसऱ्याची भातजमीन, आणि दक्षिणेस एकच शब्द : ‘वहाळ’. बाकी तीन दिशांबद्दल कागदावर आणखी काही नसते तरी चालले असते. परंतु त्या एका शब्दापाशी माझी नजर अडखळली. ज्याचे बालपण कोकणात गेले आहे त्याला वहाळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. फाल्गुनात तो गुराखी पोरांचा रस्ता असतो, आणि आषाढात तोच रस्ता गुराख्यासकट गुरे वाहून नेऊ शकतो.

कायद्याची दृष्टी हद्दीच्या दगडापर्यंत पोचते व तेथे थांबते; हद्दीच्या आत कोणाचा हक्क, कोणाचा बोजा, कोणाची वहिवाट एवढेच तो पाहतो, आणि ते त्याचे कामच आहे. पण माणूस घरात राहू लागला की तो जगतो ते बव्हंशी हद्दीच्या बाहेरून येणाऱ्या गोष्टींवर : वरच्या अंगाने येणाऱ्या पाण्यावर, पलीकडच्या कारखान्यावरून येणाऱ्या वाऱ्यावर, टेकडीच्या उतारावर, रात्री दोन वाजता जाणाऱ्या ट्रकांवर. घराची गळकी गच्ची पुढल्या वर्षी दुरुस्त होते, स्वयंपाकघर लहान असेल तर भिंत पाडून मोठे करता येते. चतुःसीमेच्या पलीकडचे मात्र खरेदीदाराला कितीही पैसा ओतला तरी बदलता येत नाही. म्हणून जे बदलता येणार नाही ते आधी पाहावे आणि जे बदलता येईल ते मागाहून, हा साधा क्रम. प्रत्यक्षात मात्र आपण नमुना-सदनिकेतील फरश्यांपासून सुरुवात करतो.

मुंबई-पुण्याच्या जुन्या महामार्गावर दांड फाट्याशी रसायनीचा रस्ता धरला, की खालापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाचा हा मुलूख लागतो. उत्तरेस प्रबळगड आणि त्यामागे माथेरानचे पठार, पश्चिमेस कर्नाळ्याचा सुळका, दक्षिणेच्या अंगास माणिकगड, ईशान्येला इर्शाळगडाचे ते ओळखू येणारे टोक, आणि या सर्वांच्या मधल्या खोलगट भागातून वाहणारी पाताळगंगा. वासांबे-मोहोपाडा ही ग्रामपंचायत; आसपास रीस, कांबे, चांभार्ली, तुराडे, गुळसुंदे अशी गावे. रसायनी हे नाव कारखान्यांबरोबर आले. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला; पुढे कीटकनाशकांचा सरकारी कारखाना आला, पाताळगंगेची औद्योगिक वसाहत आली, आणि भातशेतीच्या गावांमधील पाडा वसाहतींच्या बाजारपेठेचे गाव बनला. मोहाच्या झाडांची आठवण करून देणारे हे नाव आहे. पण आजकाल तेथे जमीन पाहावयास येणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले म्हणजे या नावातील मोह वृक्षाचा की मनाचा, असा प्रश्न माझ्यासारख्या थट्टेखोर माणसाला पडतो.

मोहाला कारणेही आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटित झाला, पनवेल-कर्जत उपनगरी लोहमार्गाचे काम हाती घेतले गेले आणि त्यावर मोहोपे व चौक ही स्थानके योजिली गेली. जाहिरातीत हे सारे अंतर मिनिटांत दिलेले असते. पूर्वी अंतर कोसांत मोजीत, नंतर मैलांत, नंतर किलोमीटरांत. मिनिटांत मोजण्याची ही नवी पद्धत विक्रेत्यांनी काढली असून ती मिनिटे कोणत्या वाराची, कोणत्या घटकेची आणि कोणाच्या मोटारीची, हे विचारण्याची सोय तीत ठेवलेली नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो तो जानेवारीतला रविवार होता, दुपारचे बारा. ऊन कोवळे, आकाश निरभ्र, डोंगर निळे, आणि विक्रेत्याचा प्रतिनिधी अत्यंत अदबशीर. जागा पाहण्यास याहून फसवी वेळ शोधून सापडणार नाही. रविवारी मालवाहतूक मंदावलेली असते, म्हणून रस्ता शांत. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढून दूरवर मिसळलेली असते, म्हणून वास नाही. हिवाळ्यात वहाळ कोरडा, म्हणून पाणी नाही. जे पाहावयाचे ते नेमके सगळे त्या घटकेला रजेवर गेलेले असते.

तरीही एक गोष्ट जानेवारीतही पाहता येते, आणि ती पाहण्याची युक्ती फार जुनी आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त घराच्या जागेची एक परीक्षा सांगितली आहे : हातभर लांब, हातभर रुंद व तितकाच खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती परत त्यातच भरावी, माती उरली तर जागा उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, आणि कमी पडली तर अनिष्ट. दुसरी परीक्षा अशी, की खड्डा पाण्याने भरून शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे. वास्तुशास्त्राच्या नावाने आज दाराची दिशा आणि शौचालयाचा कोन यांवर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. हा खड्डा खणणारा मात्र मला कोणी भेटला नाही. वास्तविक दडपून घट्ट बसलेली मूळ जमीन आणि नुकताच टाकलेला सैल भराव यांतील भेद ओळखण्याची ती उघड उघड भौतिक कसोटी आहे. शेजारच्या शेतकऱ्याकडून पहार आणि घमेले मागून मी तो खड्डा त्या तुकड्याच्या दक्षिण कोपऱ्यात खणला. प्रतिनिधी हसला, भाचा ओशाळला. वीतभर मुरमाखाली विटांचे तुकडे निघाले, फुटकी फरशी निघाली, थर्माकोलचा एक पांढरा चतकोर निघाला, आणि त्याखाली भातखाचराची काळसर चिकण माती. काढलेले सर्व परत टाकले तरी खड्डा चार बोटे रिकामाच राहिला.

याचा अर्थ असा, की ती जागा मुळात भातखाचर होती आणि तिच्यावर कोठल्या तरी पाडलेल्या इमारतीचा भराव टाकून ती रस्त्याच्या पातळीला आणली होती. भातखाचर म्हणजे पाणी उभे राहावे म्हणून पिढ्यान् पिढ्या बांध घालून मुद्दाम सखल ठेवलेली जमीन. तेथे भराव टाकला म्हणजे आलेले पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याकडे जाते, आणि शेजाऱ्यानेही भराव टाकला की परत तुमच्याकडे येते. खालापूर-कर्जतच्या या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, माथेरानच्या माथ्यावर पाच हजारांच्या आसपास, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. हे पाणी डोंगरावरून पाताळगंगेकडे ज्या वाटांनी उतरते त्या वाटांची नावे सरकारी नकाशावर क्वचितच असतात. ती गावच्या माणसांना तोंडपाठ असतात.

नदीकडे उतरत जाणाऱ्या एका पाड्यावर मी एका आजींच्या ओटीवर पाणी पिण्यास थांबलो होतो. ओटीच्या लाकडी खांबावर कमरेइतक्या उंचीला एक काळपट रेघ होती, तिच्याखाली टीचभर अंतरावर दुसरी. मी बोट दाखविले. “थोरलीचं लगीन झालं त्या साली हितवर पाणी आलं,” त्या वरच्या रेघेवर हात ठेवून म्हणाल्या, “आन ही खालची, नातू झाला तवाची.” जलसंपदा खाते हेच काम दुसऱ्या भाषेत करते. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मधला पट्टा नियंत्रित. मात्र ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला की पुढली नव्व्याण्णव वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वर्षी शंभरात एक एवढी त्याची शक्यता, असा आहे. तीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज काढले तर तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता शेकडा सव्वीस होते, आणि निळ्या रेषेची शेकडा सत्तर. हप्ता काढताना आपण व्याजाचा पाव टक्का घासाघीस करून कमी करून घेतो. हा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. शिवाय या रेषा मोठ्या नद्यांच्या काठी आखलेल्या असतात. दक्षिणेच्या वहाळाला रेषा नसते. त्याला आजींचा खांब असतो.

पाण्याची दुसरी बाजू उन्हाळ्याची. पाताळगंगा बारमाही आहे, आणि तिचे बारमाहीपण बऱ्याच अंशी मनुष्यनिर्मित आहे. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहात, जे १९१५ साली सुरू झाले, चक्रे फिरवून झाल्यावर या नदीत सोडले जाते. म्हणजे वैशाखात नदीला पाणी किती, हे विजेची निर्मिती किती यावर बरेचसे ठरते. याच नदीवरून कारखाने पाणी घेतात, भोकरपाड्याच्या केंद्रातून पनवेल-न्हावाशेव्याकडे पाणी जाते, आणि याच तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबई पिते. इतक्या पाण्याच्या मुलखात नवीन वसाहतींना टँकर का लागावा, असा प्रश्न भाच्याने मला विचारला. मी त्याला म्हटले, “अरे, हे मला कशाला, त्या टँकरवाल्याला विचार.” फाट्यावर चहा पीत उभ्या असलेल्या एका टँकरचालकाने खिशातून एक चोपडी काढून दाखविली, प्रत्येक इमारतीच्या नावापुढे रोजच्या खेपांच्या रेघा, पाचवी रेघ आडवी. “होळीला सुरू होतं, मृगापर्यंत चालतं,” तो म्हणाला. माहितीपत्रकात ‘चोवीस तास पाणी’ असलेल्या दोन इमारतींची नावे त्या चोपडीत होती. पाणी जवळून वाहते आणि पाणी नळाला येते, यांच्या मध्ये एक योजना असते, तिची मंजुरी असते, जलकुंभ असतो आणि नळजोडणीचा ग्रामपंचायतीचा दाखला असतो. यांपैकी दाखला पाहावा, बाकीचे ऐकावे.

विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्याची परीक्षा तर करून घ्यावीच, आणि ती केवळ क्षार-जंतूंपुरती नव्हे. जेथे कित्येक दशके रसायने बनली त्या मुलखात, आपला तुकडा पूर्वी कशाची जागा होती हे विचारणे हा संशयीपणा नव्हे. अमेरिकेत नायगारा फॉल्स या गावी एका रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात एका अर्धवट कालव्यात सुमारे एकवीस हजार टन टाकाऊ रसायने पुरली, वर माती ओढली आणि ती जमीन शाळामंडळाला एका डॉलरला विकली. तेथे शाळा झाली, भोवताली घरे झाली. १९७८ साली तळघरांतून रसायने पाझरू लागल्याचे उघड होऊन राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली व शेकडो कुटुंबे हलविली गेली. ‘लव्ह कॅनाल’ या नावाने हे प्रकरण जगभर गाजले. त्यातील मला सर्वांत बोधप्रद वाटणारी गोष्ट ही, की जमिनीत काय पुरले आहे याचा उल्लेख आणि पुढील अपायाची जबाबदारी आपली नाही हे कलम, दोन्ही १९५३ च्या खरेदीखतातच होते. पुढे त्याभोवतीची घरे घेणाऱ्यांपर्यंत तो कागद पोचला नाही. आपल्या खरेदीखतातील ‘निधी, निक्षेप’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या मनात मोहरांचे हंडे होते. निक्षेप दुसऱ्याही प्रकारचे असतात.

आता वाऱ्याविषयी. नैर्ऋत्येचा वारा पावसाळ्यात जोराने वाहतो आणि धुरांड्यांतून निघेल ते ईशान्येकडे डोंगरांच्या दिशेला ढकलतो. हिवाळ्यात रात्री वारा पडतो, डोंगरउतारावरची थंड हवा खोलगट भागात येऊन बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते, आणि त्या झाकणाखाली धूर, वास, धूळ जे काही असेल ते सूर्य वर येईपर्यंत कोंडून राहते. डोंगरांनी वेढलेल्या जागेचे सौंदर्य आणि तिचा हा दोष एकाच रचनेतून निघतात. म्हणून अशा ठिकाणी पौष-माघात पहाटे पाच वाजता जाऊन नुसते उभे राहावे. मी राहिलो. एकदा काहीच नव्हते. दुसऱ्या खेपेस कडू बदामासारखा एक वास होता, जो साडेआठला नाहीसा झाला. कशाचा होता ते मी सांगू शकत नाही, आणि एका वासावरून कोणा कारखान्यास दोषी धरणे हा न्याय नव्हे. परंतु प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांची लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशी वर्गवारी करते, त्यांना दिलेली संमतीपत्रे पाहता येतात, आणि आपल्या तुकड्याच्या दोन-तीन किलोमीटरांत लाल वर्गाचे कोण कोण आहे हे घरबसल्या कळू शकते.

याहून महत्त्वाचा प्रश्न रोजच्या वासाचा नसून एखाद्या दिवसाचा आहे. भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर देशात जे नियम झाले, त्यांतील १९८९ च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी आपत्कालीन योजना तयार करणे, तिची रंगीत तालीम घेणे आणि ज्यांना अपाय पोचू शकतो अशा शेजाऱ्यांना धोक्याचे स्वरूप व करावयाची उपाययोजना सांगणे बंधनकारक केले. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट निर्माण केले. सबब घर घेण्यापूर्वी शेजारच्या चार घरी एवढेच विचारावे : भोंगा वाजला तर तुम्ही काय करता? ‘कारखान्याची माणसे येऊन सांगून गेली आहेत, वाऱ्याच्या आडव्या दिशेने अमुक रस्त्याने जावयाचे, तोंडावर ओले फडके धरावयाचे,’ असे उत्तर आले तर ती वस्ती धोक्यात असूनही शहाणी आहे. ‘कसला भोंगा?’ असे आले, तर बाकीची चौकशी करण्याचे कष्ट वाचतात. डिसेंबर २०१८ मध्ये रसायनीच्या एका कारखान्याच्या आवारात वायूची गळती होऊन तेथली माकडे आणि पक्षी मोठ्या संख्येने मेले, हे वृत्त त्या वेळी सर्वत्र आले होते. माकडांना भोंग्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

डोंगराविषयी लिहिताना हात जड होतो. मोहोपाड्यापासून सरळ रेषेत दहा किलोमीटरांच्या आत, इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, पावसाच्या माऱ्यात, वरचा कडा सुटून तिच्यावर आला. वाडीची लोकसंख्या २२८. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली, आणि चौथ्या दिवशी शोध थांबविण्यात आला. आदल्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधिमंडळात सांगण्यात आले, आणि हेही, की दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. त्या माणसांनी जागा निवडली नव्हती; ती त्यांच्या वाडवडिलांची होती. आपण मात्र निवडतो, आणि पुष्कळदा उताराचीच निवड करतो, कारण उतारावरून दृश्य दिसते. बेसाल्टच्या कातळावर माती व मुरूम यांचा थर बसलेला असतो. पाणी मुरून तो जड होतो, कातळ आणि माती यांच्या सांध्यात पाण्याचा दाब वाढतो, आणि घर्षणाने जे जागेवर धरून ठेवलेले असते ते सुटते. त्यातच पायथ्याशी बंगल्यांसाठी यंत्राने उभा काप घेतला म्हणजे वरच्या थराचा आधारच निघून जातो. वाकलेली झाडे, कललेले विजेचे खांब, जमिनीतील अर्धचंद्राकृती भेगा, पूर्वी नव्हता तेथे फुटलेला झरा ही त्याची पूर्वचिन्हे. एकास पाच याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, असा राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीचा दंडक आहे, आणि माथेरानभोवतीचा मोठा टापू ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला आहे. पण ज्या यादीत नाव नाही ती जागा निर्धोक, असा समज इर्शाळवाडीनंतर कोणी बाळगू नये.

दप्तराची तपासणी हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय असल्याने येथे ओझरता उल्लेख पुरे. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना, जो सर्वांत बारीक अक्षरात असतो, तोच सर्वांत आधी वाचावा. वायूवाहिनी, उच्चदाबाची वीजवाहिनी, कुळाचा हक्क, आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरील हस्तांतरणाचे निर्बंध हे सारे तेथे राहते. आणि झोन दाखला नुसत्या आपल्या सर्व्हे नंबरचा न घेता लगतच्या नंबरांचाही पाहावा. तुमचा तुकडा निवासी असेल आणि पलीकडचा औद्योगिक, तर आज तेथे डोलणारे भात तुमच्या करारात कोठेही नमूद नसते. आवाजाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आणि औद्योगिक भागात सत्तर. दोहोंच्या सीमेवर झोपणाऱ्याने कोणती मोजावी?

शेजार बदलतो, तो केवळ वाईटाकडेच असे नाही. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्तान ऑर्गॅनिकचे रसायनीतील बहुतेक उत्पादन बंद करण्यास मान्यता दिली. अग्निबाणांना लागणारे एक रसायन बनविणारा विभाग तेवढा इस्रोकडे द्यावयाचा ठरला आणि जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमकडे गेला. एका धुरांड्याचे बंद होणे हवेला हितकारक, हे खरे; पण त्याच धुरांड्यावर वसाहत, पगाराच्या तारखेचा बाजार आणि शाळेचे वर्ग उभे होते. मोहोपाड्याच्या बाजारातील एका जुन्या कापड दुकानदाराने मला सांगितले, की पूर्वी महिन्याची सात तारीख आली की दोन गडी जादा लागत. आता विमानतळ आला म्हणून लोक जमिनीचे भाव विचारतात, कापडाचे कोणी विचारीत नाही. तेव्हा पुढील तीस वर्षे आपला शेजार कोणाच्या निर्णयावर अवलंबून आहे आणि तो निर्णय कोठे होतो, याचा अंदाज बांधून ठेवणे बरे. मोहोपाड्याच्या बाबतीत तो बहुधा मोहोपाड्यात होत नाही.

भाच्याने इसार देण्याची घाई करू नये आणि एकदा पावसात येऊन पाहावे, एवढेच मी मागितले होते. जूनच्या अखेरीस, पहिला मोठा पाऊस होऊन दोन दिवस झाल्यावर आम्ही गेलो. प्रतिनिधी या खेपेस आला नव्हता. वहाळ दुथडी भरून तपकिरी वाहत होता, आणि त्याची एक शाखा, जिची नोंद कोणत्याही नकाशावर नव्हती, आमच्या तुकड्याच्या मधून आपल्या जुन्या वाटेने गुडघाभर खोल चालली होती. हद्दीचे चारही दगड होते. दोन दिसत होते. वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध शेतांत चढू लागले होते, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात, जेथे मी खड्डा खणला होता त्याच जागी, दहा-बारा वर्षांचा एक पोरगा मच्छरदाणीचे जाळे दोन्ही हातांनी ताणून उभा होता.

“मामा, चला,” भाचा हळूच म्हणाला.

तेवढ्यात पोराने जाळे उचलले, ओंजळभर चमकते मासे टोपलीत ओतले आणि टोपली आमच्यापुढे धरून विचारले, “घेता का?”

भाच्याने भाव विचारला, आणि घासाघीस न करता सगळे घेतले.